धान्य घरात पोहोचले. घास कुठे अडला?

मराठी घरांत उष्टावण हा मोठ्या कौतुकाचा प्रसंग असतो. बाळ सहा-सात महिन्यांचे झाले की पाट मांडला जातो, मामा भाच्याला मांडीवर घेतो, वाटीतील खीर अंगठीने बाळाच्या ओठांना लावली जाते आणि साऱ्या घराचे डोळे त्या इवल्याशा जिभेकडे लागतात. अन्नप्राशनाची गणना सोळा संस्कारांत करणाऱ्या परंपरेने आईच्या दुधावरून अन्नाकडे होणारे हे संक्रमण किती महत्त्वाचे मानले असेल, हे वेगळे सांगायला नको. आजचे बालरोगशास्त्रही तोच काळ सांगते. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, त्यानंतर दुधाच्या जोडीला वरचे अन्न.

संस्कार एका दिवसाचा असतो. मात्र त्या दिवशी सुरू होणारी परीक्षा पुढील दीड वर्ष चालते. या दीड वर्षात मेंदूची वाढ झपाट्याने होते, हाडे लांबतात, रोगांशी झुंजण्याची शक्ती घडते. या काळात जे मूल मागे पडते, त्याची उणीव पुढे शाळेतील खिचडीने पूर्णपणे भरून निघत नाही. महाराष्ट्रातील कुपोषणाचा प्रश्न मुख्यतः याच दीड वर्षात दडलेला आहे आणि शासनाचे व समाजाचे बहुतेक प्रयत्न नेमके याच दीड वर्षाच्या आजूबाजूने निघून जातात.

आकडे काय सांगतात?

१९९२ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणी परिसरात बालके दगावली आणि त्या दुर्गम पाड्यांची नावे साऱ्या राज्याला ठाऊक झाली. पाठोपाठ मेळघाटातील बालमृत्यूंच्या वार्तांनी समाजमन हेलावले. विधिमंडळात चर्चा झाल्या, न्यायालयात याचिका गेल्या, समित्या नेमल्या गेल्या. २००५ साली राज्याने राजमाता जिजाऊंच्या नावाने माता-बाल आरोग्य व पोषण अभियान उभे केले. त्यानंतरच्या काळात काही यश पदरी पडले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये राज्यातील पाच वर्षांखालील ४६.३ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ३४.४ टक्क्यांवर आले. 

पण तेथेच गाडी थांबली. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात खुज्या मुलांचे प्रमाण ३५.२ टक्के आढळले. उंचीच्या मानाने रोडावलेल्या मुलांचे प्रमाण १६.५ वरून २५.६ टक्क्यांवर गेले होते, ते पाच वर्षांनीही तेवढेच राहिले. कमी वजनाची मुले दीड दशकापूर्वी ३७ टक्के होती. पाचव्या सर्वेक्षणात ती ३६.१ टक्के होती. देशातील एका अत्यंत संपन्न राज्यातील प्रत्येक तिसरे मूल कमी वजनाचे असावे, ही वस्तुस्थिती कोणत्याही पक्षाला, कोणत्याही शासनाला आणि कोणत्याही सुस्थित समाजाला भूषणावह नाही.

आता दुसरी बाजू पाहावी. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातील कुटुंबाला दरमहा माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे. जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य दिले जाऊ लागले आणि जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षांसाठी ती सवलत कायम करण्यात आली. शिधावाटपात आजही गळती आहे, शिधापत्रिका नसलेली कुटुंबे आहेत, अंगठ्याचा ठसा न जुळल्याने रिकाम्या हाती परतणारे वृद्ध आहेत. तरीही तीस वर्षांपूर्वीच्या तुलनेत धान्य घरापर्यंत अधिक पोहोचते, हे खरे. मग घरात तांदळाचे पोते असताना त्याच घरातील दहा महिन्यांचे मूल का सुकते? घास नेमका कुठे अडतो?

लहान पोटाचे गणित

सुशिक्षित वर्गाकडून या प्रश्नाचे एक तयार उत्तर मिळते: अज्ञान. ‘या लोकांना मुलांना काय खाऊ घालावे ते कळत नाही,’ असे म्हटले की प्रश्न संपतो आणि म्हणणाऱ्याची जबाबदारीही संपते. हे उत्तर तपासून पाहिले पाहिजे.

दहा महिन्यांच्या, आठ किलो वजनाच्या मुलाच्या पोटात एका वेळी जेमतेम सव्वा वाटी मावते. आईच्या दुधाखेरीज त्याला दिवसाला सुमारे ३०० उष्मांकांची गरज असते. वर्षाच्या पुढे ही गरज ५५० उष्मांकांपर्यंत जाते. आता पाड्यावरची पेज घ्या. मूठभर तांदूळ अर्धा लिटर पाण्यात शिजवला तर वाटीभर पेजेत चाळीसच्या आसपास उष्मांक उतरतात. त्या पेजेवर गरज भागवायची तर मुलाने दिवसाला सात वाट्या प्यायला हव्यात. ते अशक्य आहे. मूल दोन वाट्या पिते, पोट तट्ट फुगते, रडणे थांबते आणि आईला वाटते की लेकरू जेवले. पोट भरले, पोषण झाले नाही.

हेच अन्न घट्ट केले, भातात डाळ कुस्करून घातली आणि वर चमचाभर तेल सोडले, तर अर्ध्या वाटीत दीडशेच्या जवळपास उष्मांक मिळतात. एका लहान चमच्यातील पाच ग्रॅम तेलात ४५ उष्मांक असतात. अख्ख्या वाटीभर पेजेत असतात त्याहून अधिक. नागलीला मोड आणून, वाळवून, दळून ठेवलेल्या पिठाची लापशी कमी पाण्यातही सैल राहते, त्यामुळे त्याच वाटीत अधिक पीठ मावते. शहरी घरांत आजी नातवासाठी नाचणीचे सत्त्व करते, त्यामागे हाच अनुभव आहे. भाजलेल्या शेंगदाण्याचे बारीक कूट, शेवग्याचा कोवळा पाला, चूर्ण केलेली सुकट, एखादे अंडे, यांपैकी काहीही डोंगरातल्या माणसाला परके नाही. नागली तर त्याच डोंगरउतारावर पिकते.

मग हे मुलाच्या वाटीत का पडत नाही? पहिले कारण पैशाचे. शिधावाटप दुकानात मिळतो तो मुख्यतः तांदूळ आणि गहू. डाळ, तेल, गूळ, शेंगदाणे विकत घ्यावे लागतात आणि हातात पैसा कमी असला की सर्वप्रथम काट बसते ती यांवरच. घरामागच्या कोंबड्यांची अंडी आठवडी बाजारात जातात आणि त्यांच्या बदल्यात मीठ, मिरची, साबण येतो. दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे असून त्याची चर्चा फारशी होत नाही. ते कारण आहे आईच्या वेळेचे.

आईचे घड्याळ

दहा महिन्यांच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा काही खायला लागते. ते मोठ्यांसारखे एकदाच भरपूर जेवू शकत नाही. त्याला भरवावे लागते, थांबून थांबून, गोंजारून. एका घासासाठी माणूस लागतो. मध्यमवर्गीय घरात या कामाला आई, आजी, सांभाळणाऱ्या मावशी असतात. चिऊ-काऊचे घास होतात. बाळाने तोंड फिरवले तर पुन्हा अर्ध्या तासाने प्रयत्न होतो.

डोंगरातल्या किंवा वीटभट्टीवरच्या आईचा दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. पाणी, सरपण, भाकरी, मग मजुरी. घरात चूल दोनदाच पेटते, एकदा निघण्यापूर्वी आणि एकदा परतल्यावर. मधल्या आठ-दहा तासांत बाळ असते सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ती चिमुरडी स्वतःच लेकरू. ती थंड झालेला भात भावाच्या तोंडात कोंबते किंवा पाच रुपयांचे बिस्किटांचे अथवा चटकमटक खाऊचे पाकीट फोडून देते. ज्या पाड्यावर डॉक्टर पोहोचत नाही, तेथेही ही पाकिटे पोहोचली आहेत. पोट मीठ-साखर-मैद्याने भरते आणि खरी भूक मरते. शिवाय मोठ्या बहिणीची शाळा बुडते ती वेगळीच.

यात आणखी एक चक्र मिसळते. आषाढ-श्रावणात घरातले धान्य सरत येते, लावणीचे काम सर्वाधिक असते, पाणी गढूळ होते, हगवण आणि ताप घरोघरी फिरतो, ओढे भरल्याने वाट बंद होते. आधीच रोडावलेले मूल एका हगवणीत आडवे होते. मेळघाट काय, जव्हार-मोखाडा काय, बालमृत्यूंच्या बातम्या पावसाळ्यातच का येतात, याचे उत्तर येथे आहे. अतितीव्र कुपोषित मूल एकाएकी मरत नाही. ते महिनोन् महिने घासाघासाने मागे पडत असते आणि शेवटचा धक्का मात्र न्यूमोनियाचा किंवा हगवणीचा असतो. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात भूक लिहिली जात नाही.

म्हणून ‘अज्ञान’ हे उत्तर अपुरे आहे. ज्ञान द्यावे, अवश्य द्यावे. परंतु दिवसातून पाच वेळा भरवा, असे सांगणाऱ्याने त्या आईच्या हातात त्या पाच वेळा कोणत्या, हेही दाखवून दिले पाहिजे.

कोसबाडने दाखविलेली वाट

दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांतील पाडेच्या पाडे ओस पडू लागतात. उचल घेतलेली कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. तिकडे बीडपासून नंदुरबारपर्यंतची कुटुंबे ऊसतोडीला निघतात. पोषण आहाराची नोंद मात्र गावच्या अंगणवाडीच्या वहीत राहते. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलासाठी घरपोच आहार हा कायद्याने दिलेला हक्क आहे. पण मूल ‘घरी’ नसेल तर घरपोच आहार कोणाच्या घरी पोहोचणार? २०२२ साली राज्याच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित माता-बालकांचा मागोवा घेणारी संगणकीय प्रणाली आणली. हा विचार योग्य दिशेचा आहे. परंतु मागोवा घेणे आणि मागे जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भट्टीवरच्या झोपडीपर्यंत जाऊन त्या मुलाचा दंडघेर मोजणारा माणूस लागतो.

या संदर्भात महाराष्ट्राने आपल्याच इतिहासाकडे पाहावे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे १९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते आयुष्यभर सांभाळले. वारली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर या दोघींनी पालकांच्या अज्ञानाला बोल लावला नाही. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे, हा विचार त्यांनी केला आणि त्यातून अंगणवाडी उभी राहिली. मुले गुरे घेऊन कुरणात जातात म्हणून शाळा कुरणात गेली. १९७५ साली २ ऑक्टोबर रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आज देशभर रूढ झालेला ‘अंगणवाडी’ हा शब्द पालघर जिल्ह्याच्या मातीतला आहे. ज्या मातीने देशाला हा शब्द दिला, तेथील मूल वीटभट्टीच्या धुळीत अंगणवाडीवाचून वाढते, याहून खेदजनक ते काय? अंगणवाडी म्हणजे चार भिंती आणि रंगवलेले फलक हा अर्थ नंतरचा. मूळ अर्थ आहे, मूल जेथे आहे तेथे जाणे.

आजच्या काळात याचा अर्थ असा की भट्टीवर, ऊसाच्या फडाजवळ आणि मोठ्या पाड्यांवर दिवसभराची पाळणाघरे हवीत. २०१२ च्या सुमारास छत्तीसगडमधील सरगुजा जिल्ह्यात ‘फुलवारी’ नावाने असा प्रयोग सुरू झाला. पाड्यातील माता आळीपाळीने लहान मुलांना सांभाळतात, तेथेच गरम अन्न शिजते, लहानग्यांना वेळेवर भरवले जाते. आई निर्धास्तपणे कामाला जाते, मोठी बहीण शाळेत जाते. केंद्राच्या ‘पालना’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघराची तरतूद आहे. बांधकाम मजुरांविषयीच्या १९९६ च्या कायद्याने तर पन्नासहून अधिक स्त्री मजूर असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे केले होते. नव्या सदनिकेचा ताबा घेताना फरशीचा रंग आणि नळाचा दर्जा तपासणाऱ्या किती कुटुंबांनी, त्या इमारतीखाली मजुरांच्या लेकरांसाठी पाळणाघर होते का, असे विकासकाला विचारले असेल?

व्रत कोणाच्या पानावर?

या विषयात एक नाजूक मुद्दा आहे. तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तो अंड्याचा.

२०१५ पासून राज्याच्या अनुसूचित क्षेत्रांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू आहे. गर्भवतीला शेवटच्या तिमाहीत आणि प्रसूतीनंतर सहा महिने रोज एक चौरस जेवण, तर पुढे सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळी, असे तिचे स्वरूप ठरले. शाळांतून आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला, पण जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा शासकीय निधी थांबविण्यात आला. मुलांच्या पानात अंडे असावे की नसावे, यावर जेव्हा जेव्हा वाद झाला, तेव्हा विरोधाचा सूर प्रायः त्या घरांतून उमटला जेथील मुलांना दूध, तूप, बदाम, डाळी यांची वाण नाही.

शाकाहार हे श्रेष्ठ व्रत आहे, असे मानणाऱ्यांच्या श्रद्धेचा आदर झालाच पाहिजे. अंगणवाडीत येणाऱ्या शाकाहारी कुटुंबातील मुलाच्या पानात अंडे पडता कामा नये. त्याला केळी, दूध, शेंगदाण्याचा लाडू मिळायला हवा. परंतु व्रत हे स्वतःच्या पानावर पाळायचे असते, दुसऱ्याच्या लेकराच्या पानावर नव्हे. वारली, कोकणा, कातकरी, कोरकू, गोंड हे सारे समाज पिढ्यान् पिढ्या मासे, खेकडे, अंडी खात आले आहेत. हे बांधव आपलेच, असे म्हणायचे आणि त्यांचा आहार मात्र आपला मानायचा नाही, ही विसंगती आहे. एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात, त्यात भेसळ करता येत नाही, पाणी मिसळता येत नाही आणि त्याचा अर्धा भाग वाटेत कोणी काढून घेऊ शकत नाही. कंत्राटी पाकिटाविषयी असे छातीठोकपणे सांगता येईल काय?

आणि अंडे नको असेल तर पर्यायाचा खर्चही मान्य केला पाहिजे. पूरक पोषण आहारासाठी मुलामागे दिवसाला सहा रुपये असलेला दर केंद्राने २०१७ साली आठ रुपये केला. आठ रुपयांत दूध, डाळ आणि तेल यांचे गणित बसवून दाखवावे आणि मगच अंड्याला विरोध करावा. पर्याय न देता केलेला विरोध अखेर मुलाच्या पोटावरच पडतो.

जन्माआधीची भूक

मुलाची वाटी भरण्याआधी आईचे पान भरले पाहिजे. पाचव्या सर्वेक्षणात राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेला होता. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीची स्वतःची वाढ पुरी झालेली नसते. त्यात गर्भ राहिला तर माता आणि अर्भक एकाच अपुऱ्या ताटातले वाटेकरी होतात. दोन किलोचे बाळ जन्मते आणि ते आयुष्यभर मागून धावत राहते. घरात सर्वांत शेवटी, उरलेसुरले खाणारी गृहिणी ही त्यागमूर्ती म्हणून आजवर गौरविली गेली. हा गौरव आता पुरे झाला. गर्भवतीने घरात सर्वांच्या आधी जेवावे, ही रीत घरोघरी रुजविण्यातच खरे मातृपूजन आहे.

घराघरांत पोहोचल्याने काय साधते, याचा दाखला गडचिरोलीत आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांच्या काळजीचे शिक्षण दिले. या आरोग्यदूतांनी घरी जाऊन बाळे तपासली, न्यूमोनिया ओळखला, उपचार केले. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून घरोघरी नवजात बालसेवेचा हा मार्ग देशाने ‘आशा’ कार्यकर्तींच्या माध्यमातून स्वीकारला. गावातली अल्पशिक्षित स्त्री, थोडे प्रशिक्षण आणि नियमित गृहभेट, एवढ्यावर हे घडले. अन्नाच्या बाबतीतही मार्ग वेगळा नाही.

समाजाचा वाटा

शासनाने काय करावे याची यादी मोठी आहे. शिधावाटपात डाळ, तेल आणि नागली यावी. पावसाळ्यापूर्वी चार महिन्यांचा साठा दुर्गम पाड्यांवर पोहोचावा. ग्राम बालविकास केंद्रे निधीअभावी बंद पडू नयेत. स्थलांतरित मुलाला तो असेल तेथील अंगणवाडीने कागद न मागता दाखल करून घ्यावे. अंगणवाडी सेविकेला लेखनिक बनवून ठेवणारे नोंदींचे ओझे कमी व्हावे. या मागण्यांचा पाठपुरावा झालाच पाहिजे. परंतु सारे शासनावर सोपवून मोकळे होणे हा सेवेचा संस्कार नव्हे.

वर्षातून एकदा पाड्यावर जावे, फळे आणि बिस्किटे वाटावीत, छायाचित्र काढावे आणि परतावे, ही पद्धत आता थांबावी. एका दिवसाच्या लाडवाने दीड वर्षाची वाट चालता येत नाही. एखाद्या नगरातील कार्यकर्त्यांनी एकच भट्टी किंवा एकच सेवावस्ती निवडावी आणि तेथील सहा महिने ते दोन वर्षांची मुले नावानिशी ओळखावीत. दंडघेर मोजण्याची फीत वापरायला अर्धा तासही शिकावे लागत नाही. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी असेल तर मूल अतितीव्र कुपोषित आहे आणि त्याला त्याच आठवड्यात अंगणवाडी किंवा पोषण पुनर्वसन केंद्रापर्यंत नेले पाहिजे. साडेबारापर्यंत असेल तर धोक्याची सूचना आहे. मोजणी दर महिन्याला, त्याच मुलांची. वाटायचेच असेल तर तेल, शेंगदाणे, गूळ, डाळ वाटावी. आणि त्याहून चांगले म्हणजे वस्तीतल्याच एखाद्या मावशींना मानधन देऊन दिवसभराचे पाळणाघर चालवावे. शहरातील दहा कुटुंबे महिन्याकाठी एका उपाहारगृहातील जेवणाएवढी रक्कम बाजूला काढतील तर हे अशक्य नाही.

आणि ज्यांना वस्तीपर्यंत जाणे जमत नाही, त्यांच्यापर्यंत तो प्रश्न रोज सकाळी स्वतःच चालत येतो. घरी धुणीभांडी करणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या, नातवंडांना प्रेमाने भरवणाऱ्या ताईंचे स्वतःचे मूल त्या वेळी कोणाजवळ असते, त्याला दुपारचा घास कोण भरवते, हे किती घरांनी विचारले आहे? बाळाला घेऊन ये, असे म्हणणे. बाळंतपणात दोन-तीन महिन्यांची पगारी सुट्टी देणे. सहा महिन्यांपर्यंत दूध पाजण्यासाठी मधली सवड देणे, यासाठी कोणत्याही शासकीय आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

राष्ट्राचे सामर्थ्य हा आवडीचा विषय असणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे की ते सामर्थ्य संचलनात दिसण्यापूर्वी पाळण्यात ठरते. तिसरा हिस्सा मुले अशक्त ठेवून कोणताही समाज बलशाली झालेला नाही. धान्य पिकविण्याचा प्रश्न देशाने सोडविला, ते घरापर्यंत नेण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडविला. आता उरले आहे ते वाटीपासून ओठापर्यंतचे वीतभर अंतर. ते कोणतीही मालमोटार आणि कोणतीही संगणकीय प्रणाली पार करू शकत नाही. तेथे माणसाचा हात लागतो, आणि तो हात मोकळा असावा लागतो.